वाडा विकणे आहे

छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात, गुलमंडी, पानदरिबा, राजाबाजार, शहागंज, चेलीपुरा या भागांत ‘जुने घर विकणे आहे’ अशी पाटी नवी नाही. अशा विक्रीत दोन गोष्टी आधी विचारल्या जातात : जागा किती चौरस फूट आणि रस्त्याकडची बाजू किती फूट. घराबद्दल फारसं कोणी विचारत नाही. सागवानी खांबांचा चौक, घोटलेल्या चुन्याच्या भिंती, तळघर, आड यांची किंमत व्यवहारात शून्य धरली जाते. उलट ‘पाडायचा खर्च येईल’ म्हणून भाव पाडून मागतात. सौदा झाला की खांब-तुळया घनफुटावर वेगळ्या विकल्या जातात, चौकटी दुसऱ्याच गावातल्या एखाद्या हॉटेलच्या दर्शनी भागात जाऊन बसतात आणि उरलेल्या जागेवर खाली गाळे, वर सदनिका अशी इमारत उभी राहते.

असंच जुनं घर इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या बाजारगावात विकायला निघतं, तेव्हा चित्र वेगळं असतं. पहिल्या जॉर्जपासून चौथ्या जॉर्जपर्यंत, म्हणजे १७१४ ते १८३० या काळात बांधलेल्या घरांना तिथे जॉर्जियन म्हणतात. विटांची सरळ, समतोल दर्शनी भिंत, वरखाली सरकणाऱ्या खिडक्या, आत लाकडी जिना. जाहिरातीत आधी घराचं वय येतं, मग मूळच्या किती वस्तू शाबूत आहेत ते, आणि जीर्णोद्धार झाला असेल तर तो अभिमानानं सांगितला जातो. त्यानं घराची किंमत वाढते. शहर तेव्हा आपलंही जोरात होतं. १७२४ मध्ये दख्खनची सूत्रं हाती घेतल्यावर पहिल्या निजामाचा मुक्काम याच शहरात होता आणि राजधानी हैदराबादला गेली ती १७६३ मध्ये. मग तिथलं घर घर म्हणून विकलं जातं आणि आपलं केवळ प्लॉट म्हणून, असं का व्हावं?

वाडे विकूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. घर सांभाळणं ज्याला परवडत नाही, त्याला वारशाच्या नावाखाली त्यात डांबून ठेवणं हा अन्याय आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की वाडा विकावा तर घर म्हणून विकावा, आणि तसं विकता येईल अशी व्यवस्था या शहरानं उभी करावी.

पेठांनी घडवलेलं शहर

मलिक अंबरनं १६१० मध्ये खडकी या गावी आपली राजधानी वसवली. दोनच वर्षांनी, मोगलांवरच्या विजयाची खूण म्हणून, भडकल दरवाजा उभा राहिला. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या नळांतून शहरात खेळवणारी नहर-ए-अंबरी ही त्याच राजवटीची देणगी. अंबरच्या मृत्यूनंतर त्याचा मुलगा फत्तेखान यानं शहराचं नाव फत्तेनगर केलं, १६५३ नंतर ते औरंगाबाद झालं आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. शहराचा कोट १६८२ चा.

मोगलांबरोबर आलेल्या रजपूत सरदारांनी आपापले पुरे वसवले. बिकानेरच्या करणसिंहाचा करणपुरा, पदमसिंहाचा पदमपुरा, मिर्झाराजे जयसिंहांचा जयसिंगपुरा, बुंदीच्या भावसिंहाचा भावसिंगपुरा. सैन्यामागून सावकार आले, विणकर आले, कासार आले, रंगारी आले. कासारी बाजार, रंगारगल्ली, सराफा, कुंभारवाडा ही नावं अजून बोलतात. हिमरू आणि मशरू इथे विणले गेले आणि पैठणहून पैठणी इथल्या बाजारात येत राहिली. इथला वाडा अशा माणसांनी बांधलेला आहे. रस्त्यालगत दुकान किंवा पेढी, आत कुटुंब, तळघरात माल. हिंदू सावकाराचा वाडा आणि मुसलमान जहागीरदाराची हवेली यांत देवघराचा नि दिवाणखान्याचा फरक असेल, पण दगड, चुना आणि साग तोच, आणि कारागीरही बहुधा त्याच गल्ल्यांतले.

आत असतं काय

काळ्या पाषाणाचं जोतं आणि त्यावर पक्क्या विटांची किंवा पांढऱ्या मातीची, दोन-तीन फूट जाडीची भिंत. मोठ्या दरवाजात छोटी दिंडी, आत देवडी, मग चौक. चौकाच्या चारी बाजूंना ओसरी, पुढे सोपा, माजघर, देवघर. खांबांना सुरूच्या झाडाचा आकार, माथ्यावर केळफूल, दोन खांबांमध्ये महिरप. भिंतीत कोनाडे आणि दिवळ्या, धान्यासाठी बळद. वर तुळया, त्यांवर सर, सरांवर किलचन आणि किलचनावर मातीचा जाड थर. हे मराठवाड्याचं माळवद. माळवदाला उजेड यायला आणि धूर जायला साणं ठेवलेलं असतं. दोन तुळयांमधल्या अंतराला खण म्हणतात, आणि घराचा मोठेपणा खणांत सांगायची रीत होती.

हे सारं चाळिशीपार जाणाऱ्या उन्हाळ्याचा विचार करून बांधलेलं आहे. जाड भिंत दिवसाची उष्णता उशिरा आत सोडते, चौकातून तापलेली हवा वर निघून जाते, आणि मातीचं छत काँक्रीटच्या स्लॅबसारखं रात्रभर धगधगत नाही.

मग लोक घर का सोडतात?

कारणं खरी आहेत. गल्लीत गाडी शिरत नाही. माळवद दरवर्षी पावसाआधी पाहावं लागतं. सिडको, गारखेडा, उल्कानगरीकडे तरुण पिढी गेली, चिकलठाणा आणि वाळूजच्या कारखान्यांनी शहराचा गुरुत्वमध्यच हलवला. रस्तारुंदीत अनेक घरांची दर्शनी बाजू गेली आणि मागे अर्धं घर उरलं. त्यात एका घराला वीस-वीस वारस. कोणी पुण्यात, कोणी परदेशात. दुरुस्तीचा खर्च कोणी करायचा यावर एकमत होत नाही. विकण्यावर मात्र होतं.

आणखी एक भीती मराठवाड्याच्या मनात खोल बसली आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात जड माळवदांखाली हजारो माणसं गेली. ती भीती खोटी म्हणता येणार नाही. पण तिथे घात झाला तो मातीत रचलेल्या गोट्यांच्या भिंतींचा, आतला आणि बाहेरचा थर बांधून ठेवणारे आरपार दगड नसल्याचा, आणि वर्षानुवर्षं माती टाकून वाढवलेल्या छताच्या वजनाचा. या तिन्ही दोषांवर इलाज आहे. माळवदाची जादा माती उतरवता येते, भिंतीत बांधदगड घालता येतात, चारी भिंतींना एकत्र धरणारा पट्टा देता येतो. वाडा विकत घेताना पहिली तपासणी स्थापत्य अभियंत्याकडून हीच करून घ्यावी.

दुरुस्ती कशी असते

जुन्या घराचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे चुकीच्या जागी लावलेलं सिमेंट. चुन्याची भिंत जमिनीतला ओलावा घेते आणि गिलाव्यातून हवेत सोडते. तिच्यावर सिमेंट थापलं की ओल आतच कोंडते, लोणा धरतो, विटा भुसभुशीत होतात आणि काही वर्षांनी सिमेंटचा थर विटेच्या कपच्यांसह गळून पडतो. म्हणून जीर्णोद्धाराचं पहिलं काम बरेचदा सिमेंट खरवडून काढण्याचं असतं.

त्यानंतर चुना. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअसला भाजायची, पाण्यात विरवायची, मुरत ठेवायची आणि वाळू-सुरखीबरोबर घाणीत मळायची. गूळ, हिरडा, बेलफळ यांचं पाणी जुने कारागीर घालत, त्यामुळे गिलावा चिवट होतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश पुन्हा दगड होतो, त्यामुळे घाई चालत नाही. एक थर वाळल्याशिवाय दुसरा नाही. वेरूळच्या लेण्यांतल्या मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले असल्याचं पुरातत्त्व खात्यातले राजदेव सिंग आणि वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं. त्या तंतूंमुळे गिलाव्याला किडीपासून संरक्षण मिळालं, असं त्यांचं म्हणणं. गिलाव्याचं शास्त्र या जिल्ह्याला नवीन नाही.

सागाची तुळई मध्यात क्वचित बिघडते. कुजतं ते भिंतीत गेलेलं टोक, कारण पन्हळ तुंबून पाणी तिथेच मुरतं. म्हणून सगळी तुळई फेकायची गरज नसते. टेकू देऊन कुजका भाग कापायचा आणि जुन्याच सागाचा तुकडा सांधून बसवायचा. वाळवीवर उपचार, भिंतीतल्या पिंपळाचं मुळापासून उच्चाटन, माळवदावर चुन्याचा कोबा आणि पाण्याला चांगला उतार, एवढं झालं की घर पुढच्या पिढ्यांपर्यंत उभं राहतं. स्वयंपाकघर आणि स्नानगृह मात्र आजचंच हवं. नळजोडणी, वायरिंग, सांडपाणी नवं करावं, फक्त त्यासाठी जुन्या भिंती उभ्या-आडव्या फोडू नयेत.

कागद आधी, कौतुक नंतर

वाड्याच्या प्रेमात पडणाऱ्यानं आधी नगर भूमापन कार्यालयातून मालमत्ता पत्रक काढावं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा भाग हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे जुने दस्त उर्दूत निघतात, काही मोडीत. ते वाचणारा जाणकार गाठावा. वकिलाकडून निदान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा आणि वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी.

सर्व वारसांच्या सह्या हव्यात, बहिणींच्याही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनं मुलीला जन्मानं सहदायादाचा हक्क दिला आणि २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर शिक्कामोर्तब केलं. एखाद्या वारसानं आपला हिस्सा विकायला काढला तर वर्ग एकच्या इतर वारसांना कलम २२ नुसार तो आधी घेण्याचा हक्क आहे. राहत्या घरातला अविभक्त हिस्सा विकत घेणाऱ्या परक्या माणसाला, मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ नुसार, कुटुंबासोबत संयुक्त ताबा मागता येत नाही. म्हणून ‘एका भावाचा हिस्सा स्वस्तात’ या मोहात पडू नये. मुस्लीम कुटुंबाच्या हवेलीत हिबानामा (बक्षीसपत्र) आणि वक्फची नोंद तपासावी. खाली जुने भाडेकरू असतील तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ लागू होतो. त्याआधी मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५४ चा कायदा चालत असे आणि जुन्या पावत्या त्या काळातल्याच असतात.

विकास आराखड्यातली रस्त्याची रेषा घरातून जाते का, हे भाग नकाशावर पाहावं. बेगमपुऱ्यासारख्या ठिकाणी बीबी का मकबऱ्याजवळ घर असेल, तर केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते. दुरुस्तीलाही परवानगी घ्यावी लागते. विकसकाला हा अडसर वाटतो. घर म्हणून घेणाऱ्याला मात्र शेजारी टोलेजंग इमारत उठणार नाही, याची ती हमीच आहे.

फिरता निधी

आता मुख्य मुद्दा : वाडा घर म्हणून विकता येईल, अशी व्यवस्था कशी उभी करायची. अमेरिकेतल्या सवाना शहरानं १९५४ मध्ये आपली जुनी मंडई पाडून तिथे गाड्यांचा तळ केला. पुढचा बळी १८२० चं डेव्हनपोर्ट घर ठरणार, हे दिसताच १९५५ मध्ये सात स्त्रियांनी एकत्र येऊन संस्था काढली आणि ते घर विकत घेतलं. पुढे संस्थेनं फिरता निधी उभा केला. पडायला आलेलं घर घ्यायचं, ते जपण्याच्या अटीवर नव्या मालकाला विकायचं आणि आलेल्या पैशातून पुढचं घर घ्यायचं. अशी शेकडो घरं वाचली, आणि त्यांत माणसं राहतात. स्कॉटलंडच्या नॅशनल ट्रस्टनं १९६० पासून फाइफमधल्या लहान घरांसाठी हेच केलं. आपल्या शेजारी अहमदाबादच्या पोळांमधल्या, म्हणजे जुन्या गल्ल्यांमधल्या, हवेल्या दुरुस्त होऊन त्यांत पाहुणे उतरू लागले आहेत, आणि ते जुनं शहर २०१७ मध्ये जागतिक वारसा यादीत गेलं.

आपल्याकडे एक कायदेशीर अडचण येईल. पूर्ण मालकी देऊन वर वापरावर बंधनं घालणं मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ११ मुळे सहसा टिकत नाही. त्यावर दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा हा उपाय आहे : मालकी असा निधी चालवणाऱ्या न्यासाकडे, आणि राहण्याचा, व्यवसायाचा, वारसांना देण्याचा हक्क भाडेपट्टेदाराकडे. दुसरा आधार सरकारी नियमांत आहे. राज्याच्या २०२० च्या एकत्रिकृत नियमावलीत, वारसा यादीतल्या वास्तूच्या न वापरलेल्या बांधकाम हक्काचा मोबदला टीडीआर, म्हणजे हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणून मिळण्याची तरतूद आहे. म्हणजे मालकाला न पाडण्याचे पैसे मिळू शकतात. त्यासाठी वाडा यादीत हवा. आपल्या याद्यांत दरवाजे, मशिदी, मंदिरं, मकबरे ठळक असतात. राहती घरं तिथे तितक्याच आग्रहानं यायला हवीत.

गिऱ्हाईक नाही, असं म्हणायला जागा नाही. अजिंठा आणि वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसा आहेत आणि तिथे जाणारे पर्यटक याच शहरात उतरतात. चौक असलेल्या वाड्यात निवास-न्याहारी, हिमरू-पैठणीचं दालन, वास्तुविशारदाचं कार्यालय, संगीताचा वर्ग, अभ्यासिका, सगळं चालू शकतं. आणि ज्याला फक्त राहायचं आहे, त्याच्यासाठी बाजार, दवाखाना आणि शाळा पायी जाण्याच्या अंतरावर असलेली दुसरी वस्ती या शहरात शोधावी लागेल.

ज्यांच्या नावावर आज वाडा आहे, त्यांना एवढंच सांगावंसं वाटतं : विकायचा ठरला असेल तर आधी वास्तुविशारदाकडून घराचं मोजमाप आणि नकाशे करून घ्या, खांब, चौकटी, छतं यांची छायाचित्रांसह नोंद करा, दुरुस्तीचा खर्च लेखी मागवा आणि महापालिकेकडे वारसा यादीसाठी अर्ज करा. मग जाहिरात द्या, आणि तिच्यात जागेच्या क्षेत्रफळाआधी घराचं वर्णन लिहा. प्लॉट मागणारे येतीलच, पण घर शोधणाराही येईल. जाहिरातीत घर दिसलं, तरच तो तुमच्यापर्यंत पोचेल.