शिसं वगळलेली गोळी

भोसरी एमआयडीसीत पितळी पार्ट टर्न करणाऱ्यांना शिशाची किंमत ठाऊक असते. फ्री-कटिंग पितळेत दोन-तीन टक्के शिसं असतं. त्यामुळे चिप बारीक तुटते, टूल टिकतं, फिनिश येतं. त्याच लेथवर शुद्ध तांब्याचा बार लावून पाहा. लांबलचक चिप जॉबभोवती गुंडाळते, धातू टूलच्या धारेला चिकटतो, कडेला बर राहते. मग टूलचा कोन, स्पीड, फीड, कूलंट सगळंच नव्याने बसवावं लागतं.

शिकारी रायफलची काडतुसं स्वतः भरताना गोळीतून शिसं काढणाऱ्यांपुढेही असंच काम वाढून ठेवलेलं असतं. पिंपरीहून दापोडीचा हॅरिस पूल ओलांडला की खडकी, आणि तिथला दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा. तरीही काडतुसं स्वतःच्या हाताने भरण्याची कला आपल्याकडे रुजली नाही. १९५९ चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय काडतूस बनवू देत नाही आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचे दिवसही सरले. ही कला वाढली अमेरिका-युरोपात.

तिथे शिशावर गंडांतर आलं ते पक्ष्यांमुळे. शिशाची गोळी हाडामांसात शिरताना फुटते. हरणाच्या टाकून दिलेल्या आतड्यांचा एक्स-रे काढला तर शेकडो बारीक कण दिसतात. तीच आतडी कॅलिफोर्नियातली कॉन्डोर गिधाडं खातात. १९८७ साली जगात त्या जातीचे अवघे २७ पक्षी उरले आणि सगळे पिंजऱ्यात होते. पुढे त्यांची पिल्लं जंगलात सोडली, पण शिशाची विषबाधा सुटली नाही. आपली गिधाडं डायक्लोफेनॅकने मेली. विष वेगळं, वाट तीच, मेलेल्या जनावरातून पोटात जाणारी. आपण २००६ मध्ये ते औषध जनावरांसाठी बंद केलं. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या, डेन्मार्कने २०२४ मध्ये रायफलच्या गोळ्यांनाही तोच नियम लावला. शिकारीबद्दल कुणाचं मत काहीही असो, हा निर्णय मला मनापासून पटतो.

पर्याय म्हणून आलं तांबं. अमेरिकेतल्या बार्न्स कंपनीने १९८९ मध्ये सबंध तांब्याची ‘एक्स’ गोळी बाजारात आणली आणि अडचणी तिथूनच सुरू झाल्या. शिशाची घनता ११.३४, तांब्याची ८.९६. म्हणजे वजन तेवढंच ठेवलं तर गोळी लांब होते. लांब गोळी हवेत स्थिर राहायला नळीतले पीळ जास्त घट्ट लागतात. जुन्या रायफलीत ते नसतील तर गोळी डगमगते. लांबी काडतुसाच्या केसमध्येही शिरते आणि दारूची जागा खाते. शिवाय तांबं कडक. नळीतल्या पिळांच्या आट्यांत ते शिशासारखं दबत नाही, दाब वाढतो, आणि नळीला तांब्याचा थर बसतो. नंतरच्या तांब्याच्या गोळ्यांच्या अंगावर आडव्या खाचा आल्या त्या यासाठीच. आट्यांनी दाबलेल्या धातूला सरकायला तिथे जागा मिळते.

नेमक्या ठिकाणी लागलेली अशी गोळी हातात घेऊन पाहण्यासारखी असते. टोकाच्या पोकळीतून ती उमलते, चार पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ तेवढंच राहतं. पण वेग कमी पडला तर पाकळ्या उघडतच नाहीत आणि जनावर जखमी होऊन निसटतं. त्यामुळे जाणकार थोडी हलकी गोळी निवडतात, वेग राखतात आणि लांबचा नेम धरत नाहीत.

शिशाच्या गोळीसाठी जमवलेलं दारूचं माप इथे वापरणं धोक्याचं. त्या विशिष्ट गोळीसाठी छापलेल्या तक्त्यातल्या किमान मापापासून सुरुवात करायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, प्रत्येक फैरीचा वेग मोजायचा, रिकाम्या केसवर आणि दारू पेटवणाऱ्या प्राइमरवर जादा दाबाच्या खुणा शोधायच्या. मग गोळी केसमध्ये किती खोल बसवायची ते पाहायचं. तांब्याच्या बऱ्याच गोळ्यांना आट्यांपासून थोडं जास्त अंतर मानवतं. शेवटी थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी कुठे लागते ते तपासायचं, कारण शिकारीत बहुतेकदा तेवढी एकच संधी मिळते.

एवढं करूनही काडतुसात शिसं उरतंच. प्राइमरमध्ये बहुधा लेड स्टिफनेट असतं. फैर झाडली की त्याची धूळ नेमबाजाच्या नाकातोंडाजवळ उडते, बंद रेंजवर तर अधिकच. बिनशिशाचे प्राइमर निघाले आहेत, पण घरी काडतुसं भरणाऱ्यांपर्यंत ते अजून फारसे पोचलेले नाहीत.