पाठीचा बांक

आमच्या वर्गांत एक मुलगी नेहमीं डाव्या अंगास कलून बसे. “नीट बैस,” असें आम्हीं तिला वर्षभरांत किती वेळां बजावलें असेल, याची गणती नाहीं. पुढें तिच्या मातोश्री भेटल्या व म्हणाल्या, मुलीच्या पाठीच्या कण्यासच बांक आहे. ती खोड नव्हे. तेव्हांपासून या विकाराविषयीं आम्हीं जें जाणून घेतलें, तें येथें देत आहों.

यास वैद्यकांत स्कोलिओसिस म्हणतात. कुबड निराळें. त्यांत पाठ पुढें वांकते. येथें पृष्ठवंश बाजूस वळतो, आणि वळतां वळतां स्वतःभोंवतीं पीळही घेतो. त्या पिळामुळें एका अंगाच्या बरगड्या पाठीवर उंच दिसूं लागतात. क्ष-किरणचित्रावर बांकाचा कोन मोजण्याची जी रीत आहे, ती अमेरिकेंतील डॉ. जॉन कॉब यांनीं १९४८ सालीं मांडली. कोन १० अंश किंवा अधिक भरला तर विकार आहे असें धरितात. बहुतेक मुलांत त्याचें कारण सांपडत नाहीं. तेव्हां दप्तरास, उशीस किंवा मुलीच्या आळसास दोष देणें व्यर्थ होय. मात्र ऐन वाढीच्या वयांत हा बांक झपाट्यानें वाढतो, व मोठे बांक मुलींतच अधिक आढळतात.

ओळखण्यास मोठी विद्या लागत नाहीं. मुलीस पाय जुळवून, तळहात जोडून, ओणवी होण्यास सांगावें व मागून पाहावें. पाठीची एक बाजू उंच दिसली तर अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावें. नातीस न्हाऊं घालणाऱ्या आजीच्या दृष्टीस ही गोष्ट डॉक्टरांच्याही आधीं पडते.

फिजिओथेरपींत या विकारासाठीं निराळे व्यायाम आहेत. जर्मनींतील कॅथरिना श्रोथ या बाईंस बालपणीं स्वतःसच हा विकार होता व त्यासाठीं पोलादी कंचुक घालावा लागे. त्यांनीं आरशासमोर उभें राहून, पाठीचा जो भाग खोल गेला असेल त्यांतच श्वास भरण्याचा अभ्यास केला, आणि १९२१ सालीं मायसेन येथें इतरांस शिकविण्यास आरंभ केला. कणा उंच ताणावयाचा, पीळ उलट फिरवावयाचा व श्वासानें खोलगट बाजू भरावयाची, असें या पद्धतीचें मर्म आहे. प्रत्येकाचा बांक निराळा, म्हणून व्यायामही निराळा. एकीचें पाहून दुसरीनें करूं नये. सूर्यनमस्काराचे आम्ही जुने अभिमानी. परंतु नमस्कार दोन्ही अंगांस सारखा, आणि येथें अंगेंच सारखीं नाहींत!

व्यायामाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वाढत्या वयांत बांक २५ अंशांपुढें गेला तर बहुधा कडक पट्टा, म्हणजे ब्रेस, लागतो. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिका व कॅनडांतील एका अभ्यासांत पट्टा वापरणाऱ्या मुलांपैकीं शेंकडा ७२ जणांचा बांक वाढ पुरी होईपर्यंत ५० अंशांखालींच राहिला. नुसत्या देखरेखींत हें प्रमाण ४८ होतें. जितके तास पट्टा अंगावर, तितका गुण अधिक. ५० अंशांपुढें शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो.

त्या मुलीचा उंच खांदा घरांत वर्षभर आधींच दिसला होता. “बाहेर बोलूं नका, उद्यां लग्नाचें पाहावयाचें आहे,” असें वडील मंडळींनीं ठरविलें. डॉक्टरांकडे नेलें तेव्हां वाढ संपत आली होती व पट्ट्याचा काळ निघून गेला होता. आतां ती रोज अर्धा तास व्यायाम करते. त्यानें पाठदुखी कमी झाली, दमही वाढला, बांक मात्र आहे तेवढाच आहे. परवां रस्त्यांत भेटली, तेव्हां तिनें हंसून नमस्कार केला. क्षमा मागण्याचें आमचें राहूनच गेलें.