गॅस भरण्यापूर्वी

पुण्याचा चांदणी चौक मागे टाकून भूगाव, भुकूम, पिरंगुट या मार्गाने घोटवडे फाट्याकडे आणि तेथून भरे गावाकडे जो मनुष्य नित्य ये-जा करतो, त्याला मोटारीतील वातानुकूलन ही केवळ उन्हाळ्यातील चैन वाटत नाही. कारण आषाढात ताम्हिणीकडून आलेल्या सरी काचेवर कोसळत असताना आणि आत बसलेल्यांच्या श्वासाने तीच काच आतून धुरकट होत असताना, हवेतील बाष्प काढून घेऊन ती स्वच्छ करणारे इतके खात्रीचे दुसरे साधन त्याच्यापाशी नसते. आतल्या कूलिंग कॉइलवर त्या बाष्पाचे पाणी होते, ते नळीवाटे खाली रस्त्यावर ठिबकते, आणि मग कोठे कारखान्यातून बाहेर पडणारा समोरचा ट्रक नीट दिसू लागतो. म्हणून ही यंत्रणा नादुरुस्त झाली की कसलीही तहकीकात न करता ‘गॅस संपला असेल, भरून घ्या’ असा जो सरसकट निवाडा दिला जातो, तो मोटारमालकाने मुकाट्याने मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गॅस हे इंधन नव्हे. तो बंदिस्त नळ्यांतून पुनःपुन्हा फिरत राहतो, आणि बिघाड पुष्कळदा त्याच्यापर्यंत पोचण्याआधीच, घरच्या माणसाला हात लावता येईल अशा एखाद्या स्वस्त भागात दडलेला असतो.

1940 सालच्या मॉडेलसाठी पॅकार्ड या अमेरिकन कंपनीने मोटारीत प्रथम वातानुकूलन आणले, तेव्हा ते बंद करण्यासाठी इंजिन थांबवून, बॉनेट उघडून कॉम्प्रेसरचा पट्टा उतरवावा लागे. तापमान ठरवून दिले की बाकीचे यंत्राने स्वतः पाहावे, ही सोय कॅडिलॅकने 1964 साली दिली. आजच्या क्लायमेट कंट्रोलचे काम पौडच्या कचेरीतील तहसीलदारासारखे आहे: गावोगावच्या तलाठ्यांचे अहवाल वाचून तो हुकूम काढतो, आणि अहवाल खोटा असला तर हुकूमही चुकतो. आतल्या हवेचा, बाहेरच्या हवेचा, उन्हाचा आणि कॉइलच्या थंडपणाचा असे निरनिराळे सेन्सर डॅशबोर्डावरील नियंत्रक पेटीला वर्दी देतात, आणि त्यावरून ती ब्लोअरचा वेग, हवेच्या झडपांची स्थिती व कॉम्प्रेसरची चालू-बंद अवस्था ठरवते. तेव्हा दोष वर्दीत आहे, हुकुमात आहे, की अंमलबजावणीत, एवढे वेगळे काढले म्हणजे निदानाचा मोठा भाग पार पडला.

हवाच येत नसेल तर प्रथम फ्यूज पाहावा. ब्लोअरचा वेग हाताने बदलण्याच्या मोटारीत तो फक्त शेवटच्या वेगावर चालत असेल, तर जवळजवळ निश्चितपणे त्याचा रेझिस्टर जळालेला असतो. हवा येते पण मंद येते, ही तक्रार आमच्या भागात भातकापणीनंतर विशेष ऐकू येते, आणि तिचे कारण ग्लोव्ह बॉक्स उतरवून केबिन फिल्टर बाहेर ओढला की डोळ्यांनीच दिसते: खाचरे मोकळी झाल्यावर आसरा शोधणाऱ्या उंदरांनी आणून रचलेला पेंढा, कुरतडलेल्या फिल्टरचा कापूस, साळीची टरफले, आणि त्या ढिगाखाली कधी कधी दातांनी सोललेली तांब्याची वायर. हे सारे तोंडाला फडके बांधून साफ करावे, कारण उंदरांची घाण फुफ्फुसांत जाणे चांगले नव्हे.

हवा जोरात पण गरम येत असेल, तर इंजिन चालू ठेवून, हात आणि कपडे पट्ट्यापासून दूर राखून, एसीचे बटण दाबताच कॉम्प्रेसरचा क्लच ‘टक्’ करून बसतो का, हे दुसऱ्या माणसाने ऐकावे. मात्र काही नव्या मोटारींत असा क्लच नसतो, हे ध्यानात ठेवावे. क्लच बसत नसेल तर रिले, त्याची वायर आणि दाबाचा स्विच यांची मल्टिमीटरने खातरजमा करावी. गॅस खरोखर फार कमी असेल तर हाच स्विच कॉम्प्रेसरला चालू होऊ देत नाही. याउलट, क्लच बसतो, एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम झोत येतो, व डॅशबोर्डामागे सारखी कटकट ऐकू येते, तेव्हा झडप फिरवणाऱ्या लहान मोटरचे प्लॅस्टिकचे दाते झिजले आहेत असे समजावे. तापमानाच्या सेन्सरची परीक्षा तर फारच सोपी आहे: तापमान वाढले की त्याचा रोध घटतो, म्हणून मीटर लावून तो मुठीत धरावा, मग बर्फाजवळ न्यावा, आकडा जागचा हलला नाही तर तो निकामी झाला.

टोयोटाच्या अनेक मोटारींत ‘ऑटो’ आणि आतली हवा फिरवण्याचे बटण एकदम दाबून चावी फिरवली, तर पेटी स्वतःच दोषाचा क्रमांक दाखवते. येथे एक इशारा अवश्य द्यावासा वाटतो. ही परीक्षा अंधाऱ्या शेडमध्ये केली, तर उन्हाच्या सेन्सरचा 21 हा क्रमांक तो सेन्सर धडधाकट असतानाही उमटू शकतो. म्हणून मोटार आधी उन्हात उभी करावी.

पेटीवरील आकडे सकाळी विझलेले, दुपारी उजळलेले, आणि पॅनेलवर थाप मारताच पुन्हा जागे झालेले, असा प्रकार असेल, तर पेटी बदलण्याचा खर्च करण्याआधी ती उघडून पाहावी. बॅटरीची ऋण तार सोडून काही मिनिटे थांबावे, एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांना मुळीच हात लावू नये, प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र घ्यावे, आणि सर्किट बोर्ड बाहेर आला की जाड पिनांभोवतीचा सोल्डरचा प्रत्येक टाका भिंगाखाली तिरप्या उजेडात निरखावा. निरोगी टाका पिनेला चिकटून चकाकतो. सदोष टाक्यावर पिनेभोवती केसाएवढे काळे वर्तुळ दिसते, आणि पिन किंचित हलवली की ते वर्तुळ उघडते व मिटते. वर्षानुवर्षे तापण्या-निवण्याने आणि रस्त्यावरच्या हादऱ्यांनी पडलेली ही भेग आहे. जुने सोल्डर शोषून घेऊन, फ्लक्स लावून, 183 अंश सेल्सिअसला वितळणाऱ्या 63 टक्के कथिलाच्या तारेने तो टाका नव्याने भरावा. ही सामग्री पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांत मिळते, आणि झडपेची मोटर किंवा रेझिस्टर शोधायचा असेल तर नाना पेठ गाठावी.

गॅसच्या नळ्या मात्र घरी उघडू नयेत. मोटारींत बहुधा आढळणारा आर-134ए साधारण उणे 26 अंशांवर उकळतो, त्यामुळे सुटलेली धार कातडी गोठवते आणि डोळ्याला इजा करते. पूर्वीचा आर-12 ओझोनचा थर विरवतो म्हणून 1987 च्या माँट्रियल करारान्वये हद्दपार झाला. त्याच्या जागी आलेला हा वायू ओझोनला अपाय करीत नसला, तरी पृथ्वी तापवण्यात वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडहून हजारपटीने अधिक समर्थ आहे. वरील सर्व तपासात दोष सापडला नाही तर कारागिराकडे जावे, आणि आधी गळती कोठे आहे ते दाखवण्याची, मग नळ्या निर्वात करून ती निर्वात स्थिती टिकते की नाही हे तपासण्याची, आणि बॉनेटखालच्या चिठ्ठीवर जेवढे वजन छापले असेल तेवढाच गॅस काट्यावर मोजून भरण्याची मागणी करावी.