प्रवासाचं सुख कुठे राहतं?

वडील गेल्यावर शनिवार पेठेतल्या आमच्या घरात आई दिवसदिवस खिडकीशी बसून असे. चार जणांनी सुचवलं, तिला फिरवून आणा. दहा दिवसांची केरळ सहल ठरवली. निघण्याआधीचे तीन आठवडे ती वेगळीच होती. बॅग भरायची, उपसायची, पुन्हा भरायची. परत आल्यावर मात्र आठवडाभरात पुन्हा ती खिडकी. आमचं काय चुकलं, या प्रश्नाने मी वाचनाला लागलो.

येरून नावाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली नेदरलँड्समधल्या १,५३० प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सुट्टीवर जाणारे लोक निघण्यापूर्वी इतरांपेक्षा अधिक आनंदी होते. परतल्यावर हा फरक जवळपास पुसला गेला. ज्यांची सुट्टी अगदी निवांत गेली, तेवढेच अपवाद. म्हणजे सहलीचं बरंचसं सुख तिची वाट पाहण्यात असतं. आईचं ते बॅगेत होतं.

याच्या उलट दिसणारा अभ्यास २०१२ सालचा, प्रयागच्या माघमेळ्याचा. कल्पवासी कडाक्याच्या थंडीत महिनाभर नदीकाठी तंबूत राहतात. सोय अशी काहीच नाही. तरीही ४१६ कल्पवासी आणि मेळ्याला न गेलेले १२७ जण यांची तुलना केली, तेव्हा मेळा संपून महिना झाल्यावरही कल्पवाशांना स्वतःची प्रकृती आणि मन अधिक बरं वाटत होतं. ‘आपण सगळे एक’ ही भावना अभ्यासकांना यामागे महत्त्वाची वाटते.

पुणेकरांना हे नवं नाही. आषाढी वारीच्या पालख्या भवानी पेठेत आणि नाना पेठेत मुक्कामाला येतात, तेव्हा पाय सुजलेले चेहरेही हसरे दिसतात. मात्र एकत्र चालल्याने एकपण आपोआप येतं, असंही नाही. इरावती कर्वे स्वतः वारीत चालल्या. एकाच दिंडीत ब्राह्मण आणि मराठा यांची जेवणं वेगळी होतात, हे त्यांना खुपलं आणि ‘वाटचाल’ या लेखात त्यांनी ते लिहून ठेवलं.

यातून आम्ही घरापुरता धडा घेतला. लांबची सहल पुन्हा काढली नाही. आता आई भजनी मंडळातल्या बायकांबरोबर दर वद्य एकादशीला बसने आळंदीला जाते. डबे एकत्र उघडतात. खिडकीशी ती अजूनही बसते, पण हातात कालनिर्णय असतं.