महेश्वरचे दोन दिवस

शनिवार-रविवारची सुटी जोडून आली की इंदूरच्या मराठी घरांत ज्या गावांची नावे सहज निघतात, त्यांत महेश्वर हे अग्रभागी असते. अंतर सुमारे नव्वद किलोमीटर. सकाळी लवकर निघालेला माणूस ऊन चढण्यापूर्वी नर्मदेच्या काठी पोहोचतो. परंतु पुढची सहल बहुधा ठराविक वाटेने जाते. किल्ला पाहावा, अहिल्याबाईंच्या गादीला नमस्कार करावा, घाटावर उभे राहून छायाचित्रे काढावीत, एखादी साडी घ्यावी आणि दिवेलागणीला परत फिरावे. एवढ्याने महेश्वर पाहिल्याचे समाधान मिळते. पण ज्या नदीमुळे हे गाव तेथे वसले, तिची ओळख मात्र राहून जाते. ती व्हायची तर दोन दिवस उघड्यावर, पायी आणि पाण्यावर काढले पाहिजेत. आणि आजच्या नर्मदेवर असे दोन दिवस काढताना काही गोष्टी ठाऊक असणे अगत्याचे आहे.

या सहलीचा पहिला धडा रस्त्यातच मिळतो. महूहून मंडलेश्वरकडे जाणाऱ्या रस्त्यावर जाम दरवाजा नावाचा होळकरशाहीतील भक्कम दगडी दरवाजा लागतो. तेथे थोडे थांबून दक्षिणेकडे पाहावे. पाठीमागे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीचे माळव्याचे पठार संपते, पायाशी विंध्याची कड तुटते आणि खाली निमाडचा सखल, उष्ण प्रदेश पसरत जातो. त्याच्या पलीकडे सातपुडा. या दोन पर्वतांमधील खचलेल्या पट्ट्यातून नर्मदा वाहते. द्वीपकल्पातील गोदावरी, कृष्णा, महानदी यांसारख्या मोठ्या नद्या पूर्वेकडे जात असता ही नदी अमरकंटकपासून भडोचपर्यंत १३१२ किलोमीटर पश्चिमेकडे जाते, त्याचे कारण ही खचदरीच होय. निमाडात उन्हाळा फार कडक असतो आणि पावसाळ्यात नदी घाटाच्या पायऱ्या गिळते. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंतचे दिवस या सहलीस उत्तम.

शनिवारची सकाळ घाटासाठी ठेवावी. १७६७ साली राज्याची सूत्रे हाती आल्यावर अहिल्याबाईंनी महेश्वर ही आपली राजधानी केली आणि १३ ऑगस्ट १७९५ रोजी येथेच त्यांनी देह ठेवला. पुढे १८१८ मध्ये होळकरांची राजधानी इंदूरला गेली. राजधानी गेल्यामुळे गाव लहान राहिले, आणि लहान राहिल्यामुळे त्याचे नदीशी असलेले नाते टिकले. घाटाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची फेरी सावकाश करावी. येथे कोणी स्नान करीत असतो, कोणी कपडे धूत असते, कोणी संध्या करीत बसलेला असतो, मुले पाण्यात सूर मारीत असतात. घाट हे या गावाचे अंगणच आहे आणि दुसऱ्याच्या अंगणात वावरताना जो संकोच असावा तो येथेही असावा. स्नान करणाऱ्यांची छायाचित्रे घेऊ नयेत, हे वेगळे सांगण्याची गरज पडू नये, पण पडते.

घाटाला इतक्या पायऱ्या का, असा प्रश्न मुले हमखास विचारतात. शोभेसाठी, असे त्याचे उत्तर नाही. नदीची पातळी ऋतूप्रमाणे कित्येक हात वर-खाली होते. पाणी कोठेही असले तरी माणसाला सुखरूप उतरता यावे, यासाठी प्रत्येक पायरी हा एकेका पातळीचा काठ असतो. ज्यांनी घाट बांधला त्यांना नदी चढते कशी आणि उतरते कशी हे ठाऊक होते. मात्र त्यांच्या काळी नदी पावसाच्या आज्ञेत होती. आज ती आणखी एका आज्ञेत आहे.

महेश्वरच्या वरच्या अंगाला ओंकारेश्वरचे धरण आहे आणि त्याच्याही वर इंदिरा सागर हे मोठे धरण. दोन्ही ठिकाणी जलविद्युत् निर्माण होते; इंदिरा सागरची क्षमता १००० मेगावॉट, तर ओंकारेश्वरची ५२० मेगावॉट. कोळशाची भट्टी तापवायला बराच वेळ लागतो, पाण्याचे जनित्र मात्र काही मिनिटांत चालू होते. म्हणून विजेची मागणी वाढली की धरणातून पाणी सोडतात आणि मागणी उतरली की ते अडवतात. सोडलेले पाणी खालच्या गावी लगेच पोहोचत नाही, काही वेळाने पोहोचते. परिणाम असा होतो की आकाश निरभ्र असते, पावसाचा थेंब नसतो, आणि तरीही नदी चढू लागते. पाणी अडवलेले असताना पात्रातले खडक उघडे पडतात आणि पाहुण्यांना ते बोलावू लागतात. धोका नेमका याच वेळी असतो, कारण खडक कोरडा आहे याचा अर्थ पाणी गेले असा नसून ते वर थांबले आहे, एवढाच असतो.

ही भीती कल्पनेतली नाही. ७ एप्रिल २००५ रोजी देवास जिल्ह्यातील धाराजी येथे अमावास्येच्या यात्रेसाठी हजारो लोक नर्मदेच्या काठी जमले होते. वरच्या धरणातून सोडलेले पाणी रात्री अचानक आले आणि अनेक यात्रेकरू वाहून गेले. त्यांतील कोणी बेफिकीर नव्हते. ते नदीला जुन्या ओळखीने भेटायला आले होते. नदीचे नवे वेळापत्रक त्यांना कोणी सांगितलेले नव्हते.

मग पाहुण्याने काय करावे? पाण्याकडे पाठ फिरवण्याचे कारण नाही; चार साध्या सवयी पुरतात. पाण्याजवळ बसताना पाण्याच्या कडेला पायरीवर एक खडा ठेवावा आणि दर पंधरा मिनिटांनी तो पाहावा. खडा भिजला तर नदी चढते आहे, उठून वर यावे. प्रवाहात काडीकचरा आणि फेस एकाएकी वाढला किंवा खडकांतला पाण्याचा आवाज बदलला, तरी तेच करावे. पात्रातल्या खडकावर जाताना परतीची वाट आधी पाहून ठेवावी. ती एकच असेल आणि सखल असेल तर जाऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नावाड्याला विचारावे. येथले केवट पिढ्यान्‌पिढ्या पाण्यावर आहेत. ते आपल्या नावा वरच्या पायरीला बांधू लागले की त्यात समजायचे ते समजून घ्यावे. पोहता येणाऱ्यांनीही स्नान घाटाच्या पायरीशी, कमरेएवढ्या पाण्यात करावे. तलावात पोहणे आणि वाहत्या नदीत पोहणे यांत फार अंतर आहे.

एवढे समजून घेतल्यावर दुपारी उन्हे कलली की नौकाविहाराला निघावे. लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि मुलांच्या अंगात ते घट्ट बांधावे. काठापासून नाव थोडी दूर गेली की किल्ल्याचा तट, छत्री, देवळांची शिखरे आणि उतरत्या पायऱ्या ही सर्व एकाच रचनेचे भाग आहेत, हे ध्यानात येते. महेश्वरचा खरा दर्शनी भाग नदीकडे आहे आणि तो पाण्यावरूनच नीट दिसतो. पात्राच्या मध्यात, छोट्याशा बेटावर बाणेश्वराचे देऊळ आहे. तेथे क्षणभर थांबून नाव पैलतीरी न्यावी.

पैलतीरावर नावडातोडी हे गाव आहे. साध्या शेताडीच्या या गावाचे नाव पुरातत्त्वाच्या ग्रंथांत मोठ्या मानाने घेतले जाते. १९५२-५३ मध्ये पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठ यांनी मिळून दोन्ही काठांवर उत्खनन केले, आणि १९५७ ते १९५९ या काळात डॉ. हसमुख सांकळिया यांच्या नेतृत्वाखाली नावडातोडीच्या टेकाडांवर मोठ्या विस्ताराने खोदकाम झाले. सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची वस्ती तेथे मिळाली. गोल आणि चौकोनी झोपड्यांच्या खांबांचे खड्डे, चोपून सारवलेल्या जमिनी, काळ्या रंगात नक्षी काढलेली तांबूस मडकी, जळून कोळसा झालेले गहू, तांदूळ आणि मसुरीचे दाणे. तेथल्या कुटुंबांनीही घर बांधताना नदी चढते कोठवर हे पाहून उंचवटा निवडला होता. टेकाडाभोवती फिरताना खापराचा तुकडा दिसला तर पाहावा आणि तेथेच ठेवावा. जागेवरून उचललेले खापर काही सांगेनासे होते.

रविवारी पहाटे उठून सहस्रधारेकडे जावे. महेश्वरपासून नदीच्या खालच्या अंगाला काही किलोमीटरवर हे स्थान आहे; पायी किंवा सायकलीने जाण्याजोगे. येथे काळ्या खडकांच्या पसाऱ्यातून नर्मदा अनेक प्रवाहांत फुटते. सहस्रार्जुनाने आपल्या हजार बाहूंनी नदी अडवली आणि ती त्या बाहूंमधून निसटून वाहिली, अशी कथा सांगतात. भूशास्त्र सांगते की हा खडक बेसाल्ट आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून उसळलेल्या लाव्हारसाचे थर थिजून तो झाला, आणि त्याच उद्रेकांतून सह्याद्रीचे कडेही घडले. नदीने त्यातील मऊ भाग आणि सांधे कोरून काढले. कठीण भाग उभा राहिला. पाणी येथे इतके खळाळते की २०२३ च्या खेलो इंडिया युवा स्पर्धांतील होड्यांच्या सलालम शर्यती याच ठिकाणी झाल्या. वेगवान प्रवाहात टांगलेल्या फाटकांतून चपळाईने होडी काढण्याचा हा खेळ. शिकलेल्या खेळाडूंना शिरस्त्राण आणि जॅकेट घालून ज्या पाण्याशी झुंजावे लागते, त्यात आपण आंघोळीला उतरू नये, एवढा बोध त्यातून सहज घेता येतो. काठावरील उंच खडकावर बसून पाहण्यातच तास निघून जातो. हवेत एका जागी पंख फडफडवीत थांबून खाली सूर मारणारा कवड्या खंड्या, ओल्या दगडावर शेपटी हलवणारा धोबी, पंख पसरून उन्हात वाळत बसलेला पाणकावळा यांची ओळख मुलांना येथे करून द्यावी.

परतताना वाटेत परिक्रमावासी भेटतात. नर्मदेला उजव्या हाताला ठेवून ते पायी चालत असतात. ते नदी ओलांडत नाहीत, म्हणून त्यांना नावेत बसण्याचा आग्रह करू नये. ‘नर्मदे हर’ म्हणून त्यांच्यासमवेत थोडे अंतर चालावे. रोज ठरावीक कोस तोडणाऱ्या माणसाची चाल किती शांत असते हे तेव्हा कळते. वेळ असेल तर गावातल्या हातमागांकडेही एक फेरी व्हावी. साडीच्या काठावर ‘लहर’ आणि ‘ईंट’ या नावांनी विणली जाणारी नक्षी, आदल्या दिवशी नावेतून पाहिलेले पाणी आणि तट यांचीच असते. मंदावलेल्या या धंद्याला १९७९ मध्ये स्थापन झालेल्या रेवा सोसायटीने पुन्हा उभारी दिली.

निघण्यापूर्वी संध्याकाळी दीपदान करण्याची अनेकांची इच्छा असते. दिवा पानांच्या द्रोणात असावा. प्लॅस्टिकच्या वाटीत ठेवलेला दिवा विझला तरी वाटी नदीत उरते. साबण, शिळे अन्न, पिशव्या यांनाही हाच नियम. महाशीर हा मध्य प्रदेशाचा राज्यमत्स्य, २०११ मध्ये त्याला हा मान मिळाला. त्याला स्वच्छ, वाहते, प्राणवायूने भरलेले पाणी लागते. धरणांनी प्रवाह थोपला गेल्यामुळे नर्मदेत तो आता विरळ झाला आहे. धरणांचे दरवाजे पाहुण्यांच्या हाती नाहीत. पण घाटावर काय टाकायचे आणि काय परत न्यायचे, हे त्यांच्याच हाती आहे.

दोन दिवसांत इतके सहज होते आणि त्याला फारसा खर्चही येत नाही. रविवारी सायंकाळी मुलांनी घाटावर ठेवलेला खडा शेवटचा पाहून घ्यावा, आणि पाणी कोणत्या पायरीवर होते ते वहीत टिपून मग गाडीत बसावे. पुढच्या खेपेला आल्यावर हीच पायरी शोधण्यापासून त्यांची सहल सुरू होईल.