मुलाबाळांसह समुद्रकांठीं

दिवाळी जवळ आली म्हणजे आमच्यासारख्या भरल्या घरांत रात्रीच्या जेवणानंतर एकच विषय निघतो: यंदां सुटींत कोठें जावयाचें? आजोबांस देवदर्शन हवें असतें, कर्त्या पुरुषांस खर्च बेताचा हवा असतो, मुलांस वाळू आणि पाणी हवें असतें. आणि घरांतील सुनांस काय हवें आहे हें बहुधा कोणी विचारीतच नाहीं. अखेर मुलांचा जय होतो आणि समुद्र ठरतो. आमच्याही घरीं अनेक वर्षें असेंच चालत आलें आहे. अशा प्रवासाची आंखणी कशी करावी याविषयीं अनुभवाचे चार शब्द वाचकांपुढें ठेवावे असें बरेच दिवस मनांत होतें. त्यांतील बहुतेक शहाणपण आम्हांस एका चुकीनें शिकविलें आहे. म्हणून आरंभीं तीच सांगणें बरें.

चार वर्षांपूर्वींची गोष्ट. त्रिपुरी पौर्णिमेचा दिवस होता. कोंकणांतील एका निवांत किनाऱ्यावर आम्ही लहानथोर चौदा माणसें गेलों होतों. त्यांत मोठीं नऊ आणि मुलें पांच. ऊन कलल्यावर सर्वजण वाळूवर जाऊन बसलों. पाणी हळूहळू मागें सरत होतें, ओल्या वाळूचें मोठें पटांगण उघडें पडलें होतें, आणि मुलें शिंपले वेंचीत त्या पाण्याच्या मागोमाग चाललीं होतीं. आमच्या धाकट्या बंधूंची कन्या तेव्हां सहा वर्षांची होती. आजीला वाटलें, ती आपल्या आईजवळ आहे. आईला वाटलें, काकूजवळ आहे. आम्ही समजलों, ती थोरल्या भावंडांबरोबर किल्ला करीत आहे. इतक्यांत दूर जाळें सांधीत बसलेला एक वृद्ध कोळी एकाएकीं उठून पाण्याकडे धांवतांना दिसला. मुलगी छातीभर पाण्यांत होती, तिचे पाय सुटले होते, आणि तोंडांतून एक शब्दही निघत नव्हता. त्या भल्या माणसानें तिला उचलून आणून तिच्या आईच्या मांडीवर ठेविलें आणि एवढेंच म्हटलें, "पुनवेची ओहोटी हाय, पोरांना पाण्यात सोडू नका. बुडतं पोर वरडत नाय."

मुलगी सुखरूप होती. परंतु त्या रात्रीं आमच्यापैकीं कोणासही झोंप आली नाहीं. नऊ मोठीं माणसें तेथें बसलीं होतीं, आणि पाहत कोणीच नव्हतें, हा एकच विचार मनाला टोंचीत होता. एकत्र कुटुंबाचें मोठें सुख हें कीं मुलांस सांभाळावयास अनेक हात असतात. परंतु दुसरा कोणी पाहत असेल असें प्रत्येकानें धरून चालावें, आणि मुलानें त्या सर्वांमधून निसटून जावें, हा धोकाही अशाच घरांत अधिक असतो.

आतां आंखणीकडे वळूं. पहिला प्रश्न ऋतूचा. कोंकणांत पाऊस साधारणपणें जूनच्या पहिल्या पंधरवड्यांत येतो, आणि मेच्या अखेरीपासूनच समुद्राचें रूप पालटूं लागतें. पावसाळी समुद्र किती निर्दय असतो हें १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली तेव्हां महाराष्ट्रानें पाहिलें आहे. त्या एका सकाळीं शेंकडों माणसें गेलीं. तेव्हां पावसाळ्यांत मुलें घेऊन पाण्यावर जाण्याचें मनांतही आणूं नये. मे महिन्यांत शाळांस मोठी सुटी असते, आंबे-फणस असतात हें खरें. परंतु उकाड्यानें आणि घामानें तान्हीं मुलें हैराण होतात. घरांत पांच वर्षांखालील मुलें असतील तर आमच्या मतें दिवाळीनंतरचे दिवस उत्तम.

ऋतु ठरला कीं तिथि पाहावी. किनाऱ्यावरील लोकांचा एक जुना आडाखा आहे: तिथीच्या आंकड्याची पाऊणपट केली म्हणजे भरतीची वेळ निघते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां, द्वादशीस नऊ वाजतां. पौर्णिमेस आणि अमावास्येस सव्वाअकराच्या सुमारास. दिवसाच्या आणि रात्रीच्या दोन्ही भरत्यांस हाच हिशेब लावावा, आणि भरतीनंतर सुमारें सव्वासहा तासांनीं पुरी ओहोटी समजावी. समुद्राला मुख्यतः चंद्राच्या आकर्षणानें भरती येते, आणि चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरां माथ्यावर येतो. म्हणून भरतीची वेळही रोज तितकीच पुढें जाते. हा आडाखा स्थूल आहे. स्थळपरत्वें अर्ध्याएक तासाचा फरक पडतो. यासाठीं त्या त्या गांवच्या कोळ्यांस विचारून खात्री करून घ्यावी.

दुसरी गोष्ट पाण्याच्या जोराची. पौर्णिमेस आणि अमावास्येस सूर्य, चंद्र व पृथ्वी एका रेषेंत येत असल्यामुळें उधाणाची भरती येते, आणि तितक्याच जोरानें पाणी मागेंही जातें. अष्टमीच्या सुमारास भरती बेताची असते. तिला भांगाची भरती म्हणतात. आमची चूक आतां वाचकांच्या ध्यानांत येईल. पौर्णिमेस सव्वाअकरास भरती झाली म्हणजे साडेपांचपर्यंत ओहोटी चालणार. नेमक्या त्याच वेळीं आम्हीं मुलांस पाण्यावर सोडलें होतें. उलट अष्टमीस दुपारीं बाराला ओहोटी पुरी होते आणि सहापर्यंत पाणी चढत असतें. चार ते सहा ही मुलांच्या खेळाची वेळ चढत्या पाण्याची आणि मंद जोराची मिळते. म्हणून भाऊबीज आटोपून आम्ही कार्तिक शुद्ध षष्ठीस निघतों आणि सप्तमी ते दशमी हे चार दिवस समुद्रावर काढतों. ज्या पंचांगांत आपण मुहूर्त पाहतों, त्यांतच ही सोय आहे. ती मात्र आपण विसरलों.

तरीही चढतें पाणी निर्धोक आहे असें कोणीं समजूं नये. मुलाच्या गुडघ्यापलीकडे पाणी जाऊं देऊं नये. खाडीच्या मुखाशीं खेळूं नये. दोहों बाजूंस लाटा फुटत असतां मध्येंच एखादा पट्टा शांत दिसला, तर तेथून पाणी आंत खेंचलें जात असण्याचा संभव फार. अशा ओढींत कोणी मोठें माणूस सांपडलेंच, तर किनाऱ्याकडे झगडत न येतां तरंगत राहावें आणि किनाऱ्याला समांतर सरकून ओढीबाहेर पडावें. लाल निशाण लाविलें असेल तेथें पाण्यांत पाऊल घालूं नये.

स्थळ निवडतांना आम्ही दापोली तालुक्यास झुकतें माप देतों. १९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबईकरांस खेड स्थानकावर उतरून दापोलीस जाणें सुलभ झालें आहे. पुणेकरांस ताम्हिणी किंवा वरंध घाट उतरावा लागतो. घाटांत मुलांस ओकाऱ्या होतात. त्यासाठीं निघण्यापूर्वीं पोटभर दूध न पाजतां थोडें कोरडें खावयास द्यावें, खिडकी उघडी ठेवावी, आणि वाटेंत दोनदां तरी उतरून पाय मोकळे करावे.

या भागांत मुलांस दाखविण्यासारखें पुष्कळ आहे. दापोलीनजीकचें मुरुड हें महर्षि धोंडो केशव कर्वे यांचें गांव. परीक्षेस बसण्यासाठीं येथून सह्याद्रि ओलांडून पायीं साताऱ्यास गेलेल्या या मुलाला तो वयानें लहान दिसतो म्हणून परत पाठविण्यांत आलें, ही हकीकत त्याच गांवच्या वाळूवर बसून सांगितली म्हणजे मुलें डोळे मोठे करून ऐकतात. त्यांच्याच प्रयत्नांनीं उघडलेल्या शिक्षणाच्या वाटेनें आपल्या आज्या-पणज्या शिकल्या, हें मुलींस अवश्य सांगावें. साने गुरुजींचें पालगड याच तालुक्यांत. त्यांचा जन्म १८९९ चा. हर्णैसमोर पाण्यांत सुवर्णदुर्ग उभा आहे. १७५५ सालीं पेशवे आणि इंग्रज यांनीं मिळून तुळाजी आंग्र्यांवर मोहीम केली, तींत हा किल्ला पडला. आंजर्ल्यास कड्यावरच्या गणपतीचें दर्शन घेतलें म्हणजे आजोबांचीही इच्छा पुरी होते. किल्ला पाहण्यास होडीनें जावयाचें असल्यास प्रत्येक मुलाच्या मापाचें लाइफ जॅकेट आहे कीं नाहीं हें आधीं पाहावें. नसल्यास किनाऱ्यावरूनच किल्ला पाहून परत फिरावें. भिडेस पडूं नये.

मुक्कामाविषयीं एक गोष्ट स्पष्ट लिहितों. पहिल्या वर्षीं आम्ही काटकसर म्हणून स्टोव्ह आणि शिधा बरोबर नेला. परिणाम असा झाला कीं घरांतील दोन्ही सुना चार दिवस पोहे-खिचडी करीत राहिल्या, आणि समुद्र त्यांनीं खिडकींतून पाहिला. परत आल्यावर आमच्या मातोश्रींनींच सांगितलें, "पुढच्या खेपेस चूल नाहीं. सुटी म्हणजे सर्वांची." तेव्हांपासून जेथें घरगुती जेवण मिळतें अशाच घरीं आम्ही उतरतों. घावन, कुळथाचें पिठलें, सोलकढी, एके दिवशीं उकडीचे मोदक. आणखी काय हवें? तान्ह्यांसाठीं मात्र मेतकूट आणि तुपाची लहान बरणी बरोबर ठेवावी, म्हणजे मऊ भाताची अडचण पडत नाहीं.

प्रकृतीची काळजी थोडक्यांत अशी. दहा ते चार या वेळांत मुलांस उन्हांत नेऊं नये. सहा महिन्यांखालील बालकास तर सावलींतच ठेवावें. डोक्यास रुंद कांठाची टोपी, अंगांत पुऱ्या बाह्यांचे सुती कपडे, पिण्यास उकळून गार केलेलें पाणी. जुलाब लागल्यास जलसंजीवनीची पुडी सांगितलेल्या प्रमाणांत पाण्यांत घालून थोडी थोडी पाजावी. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यांत सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावें. चमचा चहाचा घ्यावा आणि मीठ अधिक पडूं देऊं नये. मूल सुस्त झालें, लघवी थांबली किंवा सर्व उलटून पडूं लागलें, तर घरगुती उपायांत वेळ न दवडतां डॉक्टरांकडे न्यावें. रुग्णवाहिकेसाठीं १०८ हा क्रमांक मोठ्या मुलांसही पाठ असावा.

शेवटीं पाळीविषयीं. त्या प्रसंगानंतर आमच्या घरीं एक लाल पंचा ठेविला आहे. समुद्रावर गेल्यावर तो ज्याच्या खांद्यावर असेल त्यानें अर्धा तास केवळ मुलांकडे पाहावयाचें. त्यानें वाचूं नये, मोबाइल हातांत धरूं नये, आणि इतरांनीं त्याच्याशीं बोलूं नये. अर्धा तास झाला कीं पंचा दुसऱ्याच्या खांद्यावर टाकून, मुलें मोठ्यानें मोजून, पाळी सोंपवावयाची. पाळ्यांची यादी आजोबा करतात, आणि तींत पुरुषांचीं नांवें स्त्रियांइतकींच असतात. हें लिहिण्याचें कारण, मुलें सांभाळणें हें बायकांचेंच काम अशी समजूत सुशिक्षित घरांतूनही अद्याप गेलेली नाहीं. त्या संध्याकाळीं आम्हीं पुरुषांनीं पाण्याकडे पाहिलें नाहीं, तें याच समजुतीमुळें.

गेल्या कार्तिक अष्टमीस पंचा धाकट्या बंधूंच्या खांद्यावर होता. त्यांची पत्नी नेहमींप्रमाणें मुलीवर नजर ठेवून बसली होती. मातोश्री तिला म्हणाल्या, "पाळी त्याची आहे. तूं जा, जरा फिरून ये." ती उठली. प्रथम दहा-बारा पावलांवर थांबून तिनें मागें वळून पाहिलें. बंधु उभे राहून मुलांकडे पाहत होते. मग ती चालूं लागली, आणि किनाऱ्याच्या टोंकापर्यंत एकटीच जाऊन दिवेलागणीच्या आधीं परत आली. त्या प्रसंगानंतर समुद्रावर ती मुलीला सोडून कधींच दूर गेली नव्हती.

यंदां आपणही समुद्रावर जाणार असाल, तर सामान बांधण्यापूर्वीं पंचांग काढून तिथि पाहावी, आणि त्याच बैठकींत पाळ्यांची यादी करून टाकावी.