कागदवाल्यानं शोधलेली पाटी

मोबाइलवर काढलेला एखादा रंगीत फोटो समोर घ्या. त्यातले रंग ज्या युक्तीनं उमटतात, ती ब्राइस बायर यांची. तिचं पेटंट 1976 सालचं. मोबाइलचा पडदा ओएलईडी असेल, तर त्याचा पाया चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी 1987 साली घातला. आणि फिल्मशिवाय फोटो काढणारा, उचलून नेता येणारा पहिला डिजिटल कॅमेरा 1975 साली स्टीव्ह सॅसन यांनी जुळवला. गंमत पाहा, हे चौघंही एकाच कंपनीत नोकरीला होते: अमेरिकेतल्या रॉचेस्टर शहराच्या कोडॅकमध्ये! आणि हीच कोडॅक जानेवारी 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज घेऊन न्यायालयात गेली. उद्याचं जग जिच्या प्रयोगशाळेत घडलं, तिच्यावर ही पाळी यावी कशी?

उत्तर फिल्ममध्ये दडलेलं आहे. जिलेटिनच्या थरात चांदीच्या क्षारांचे इवलेसे स्फटिक विखुरलेले असतात. त्यांच्यावर प्रकाशाचे मोजके कण आदळले, की स्फटिकात चांदीचे चारेक अणू एकत्र येतात. अवघे चार! पण रोल धुवायला टाकला, की रसायन नेमके तेच स्फटिक हुडकतं आणि त्या प्रत्येकाची सगळी चांदी मोकळी करतं. चार अणूंची खूण सुमारे अब्जपट मोठी होते, आणि घरच्या लग्नाचा फोटो कागदावर उतरतो.

जिलेटिन येतं जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यापासून. मग एका जिलेटिनची फिल्म तल्लख आणि दुसऱ्याची मठ्ठ का निघायची? कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी 1920 च्या दशकात याचा माग काढला. तो पोचला थेट चाऱ्यापर्यंत! जनावरांनी मोहरीच्या कुळातल्या वनस्पती खाल्ल्या, की त्यांतल्या गंधकाचा अंश जिलेटिनमध्ये उतरायचा, आणि तो फिल्मला प्रकाशाची जाण द्यायचा. रंगीत फिल्ममध्ये तर असे डझनभर थर, सगळे मिळून केसाहूनही पातळ, आणि ते चढवायचे मिट्ट काळोखात. जगात ही विद्या साधली होती अगदी थोड्या कंपन्यांना. 1970 च्या दशकात अमेरिकेत खपणाऱ्या फिल्मपैकी सुमारे 90 टक्के एकट्या कोडॅकची होती, ती याच बळावर.

आता सॅसन यांचं यंत्र पाहा. वजन साडेतीन किलोच्या वर. प्रकाश टिपायला सिलिकॉनची चकती, फोटो साठवायला कॅसेटची टेप. एक फोटो टेपवर उतरायला 23 सेकंद लागत आणि तो कृष्णधवल दिसे टीव्हीवर. चित्रात ठिपके अवघे 10,000. आज साध्या फोनच्या फोटोतही कोट्यवधी असतात. हे कधी विकण्याजोगं होईल, असं वरिष्ठांनी विचारलं. सॅसन यांचा अंदाज होता 15 ते 20 वर्षांचा, आणि तो बऱ्यापैकी खरा ठरला!

पण या यंत्रात कंपनीच्या मुळावर येणारी एक गोष्ट होती. फिल्म म्हणजे कागद: एकदा लिहिलं की संपला, नवा आणा. सिलिकॉनची चकती म्हणजे पाटी: पुसा आणि पुन्हा लिहा, हजारदा, लाखदा. कागद विकून गब्बर झालेल्या कारखान्यातच पाटी जन्माला आली होती! प्रत्येक क्लिकबरोबर रोल, रसायनं आणि छपाईचा कागद खपायचा. नव्या यंत्रात यातलं काहीच लागेना.

म्हणून कोडॅक नुसती हातावर हात ठेवून बसली होती का? मुळीच नाही. 2005 साली अमेरिकेत सर्वाधिक विकले जाणारे डिजिटल कॅमेरे तिचेच होते. पण चकती, भिंग आणि बॅटरी विकत घेऊन कॅमेरा जुळवणं कितीतरी कंपन्यांना जमत होतं. इतक्या स्पर्धकांत नफा उरणार किती? काळोखात केसाहून पातळ थर चढवणाऱ्या हातांची इथे गरजच नव्हती.

मग ती विद्या निरुपयोगी झाली होती? जपानच्या फुजीफिल्मकडे बघा. फिल्मचा खप तिचाही कोसळला. पण जिलेटिन म्हणजे मुळात कोलॅजेन, आपल्या त्वचेला घट्टपणा देणारं प्रथिन! फोटोचे रंग विटू नयेत म्हणून मिळवलेलं ज्ञान त्या कंपनीनं त्वचेच्या क्रीममध्ये वापरलं, आणि फिल्मच्या पारदर्शक पट्टीचं तंत्र एलसीडी पडद्यांत.

कोडॅकचाही रसायनांचा मोठा विभाग होता, ईस्टमन केमिकल. डोक्यावरचं कर्ज हलकं करण्यासाठी कोडॅकनं तो 1994 साली वेगळा काढून दिला. तो आजही भरभराटीत आहे. म्हणजे कोडॅकच्या हाती भविष्यं दोन होती. एक तिनं स्वतः शोधलं, पण त्यात तिची खास विद्या कामी येईना. दुसऱ्यात तीच विद्या लागणार होती, आणि त्याची निकड भासण्याआधीच ते तिच्या हातून निघून गेलं होतं.